शिडाच्या जहाजाच्या लॉगबुकातून हवामानाचा तक्ता : प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

हातात घेतलेलं काम असं. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजाचं इंग्लंड ते मुंबई या प्रवासाचं लॉगबुक, म्हणजे जहाजाची रोजची नोंदवही आहे, 1810 च्या दशकातली. त्यातला वारा, हवेचा दाब, तापमान आणि जहाजाचं ठिकाण हे सगळं आजच्या संशोधनात वापरता येईल अशा तक्त्यात उतरवायचं.

कंपनीच्या जहाजांच्या लॉगबुकांचा मोठा साठा ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. 2012 साली फिलिप ब्रोहन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या 1789 ते 1834 या काळातल्या 891 लॉगबुकांवर काम प्रसिद्ध केलं. दाब आणि तापमानाच्या 2,73,000 नोंदी त्यातून मिळाल्या. माझ्या डोळ्यांसमोर तेच काम आहे. फरक इतकाच की मला दर दोन तासांचा वारा आणि शेऱ्यांचा रकानाही हवा आहे, कारण आकड्यांना अर्थ शेऱ्यांमधूनच येतो असं मला वाटतं.

पानाची रचना: एका दिवसाला एक पान. डावीकडे तास, मग के आणि एफ असे दोन अरुंद रकाने (वेगाचे नॉट आणि फॅदम; नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आठ फॅदमचा एक नॉट), मग जहाजाची दिशा, वाऱ्याची दिशा आणि उरलेल्या रुंदीत शेरे. तळाशी माध्यान्हीचा हिशेब: अक्षांश, रेखांश, दिक्पात (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन), बॅरोमीटर, थर्मामीटर.

पानांची छायाचित्रं एका मित्राने वाचनकक्षात बसून फोनवर काढून दिली. पहिली अडचण तिथेच आली. बॅरोमीटरचा आकडा तळाशी, शिवणीच्या बाजूला आहे आणि कित्येक पानांवर तो शिवणीच्या सावलीत गेला आहे. ती पानं पुन्हा काढून घ्यावी लागणार. हे काम करणाऱ्यांनी आधी चार-पाच पानांची छायाचित्रं काढावीत, सगळे रकाने वाचता येतात याची खात्री करावी आणि मगच पुढे जावं.

11 जानेवारी

हस्ताक्षर आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. शेरे बऱ्यापैकी उतरले, तक्ता मात्र कोलमडला. के आणि एफ रकान्यांमधली रेघ फिकट आहे, त्यामुळे 6 नॉट 4 फॅदम हे 64 झालं. शाई पानाच्या पाठीमागून उमटली आहे, तिथे मागच्या पानाचे आकडे उलटे होऊन या पानात शिरले. सगळ्यात धोकादायक चूक बॅरोमीटरची होती: 29.87 चं 29.81 होतं आणि दोन्ही आकडे शक्य वाटतात, त्यामुळे नंतरच्या कुठल्याही तपासणीत ते सापडत नाही.

शेवटी जुनीच पद्धत घेतली. मी एकदा टंकते, माझी सहकारी स्वतंत्रपणे एकदा टंकते, आणि दोन्ही फाइली एकमेकींसमोर ठेवून जिथे फरक येईल तिथे मूळ पान उघडतो. नीट पानाला पाव तास, ओल लागलेल्या पानाला तासभरही लागतो. बहुतेक फरक 1 आणि 7, 3 आणि 5 यांचे आहेत. हा लेखनिक 7 ला खाली लांब शेपूट देतो हे कळल्यावर वेग वाढला. पण जहाजावर लिहिणारे हात बदलतात, आणि नव्या हाताची अक्षरं पुन्हा पहिल्यापासून ओळखावी लागतात.

19 जानेवारी

‘डिट्टो’ने दोन संध्याकाळी घेतल्या. लेखनिक सारखेपणा दाखवायला ‘डो’ किंवा दोन टिंबं देतो. टंकताना आम्ही दोघींनी त्याजागी वरचा शब्द भरून टाकला होता. पण काही पानांवर ‘डो’ची ओळ शेऱ्यांमधून वाऱ्याच्या रकान्यात घसरली आहे आणि तिथे आम्ही दोघींनी दोन वेगळे शब्द भरले. मूळ पानावर नेमकं काय आहे हे आमच्या फाइलीतून कळायलाच मार्ग राहिला नाही.

म्हणून नियम केला, आणि तो या सगळ्या कामाचा पाया मानते: पानावर आहे ते एका रकान्यात, जसंच्या तसं, चुकीच्या स्पेलिंगसह. आपण लावलेला अर्थ शेजारच्या वेगळ्या रकान्यात. पहिल्या रकान्याला पुन्हा हात लावायचा नाही. आतापर्यंतची पानं या नियमाने परत टंकावी लागली.

28 जानेवारी

तारीख. जहाजावरचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा. नाविक ‘मंगळवार 14’ लिहितो तेव्हा तो दिवस आपल्या सोमवार 13 च्या दुपारी सुरू होऊन मंगळवार 14 च्या दुपारी संपतो. पानावर आधी दुपार-रात्रीचे तास येतात, मग मध्यरात्रीनंतरचे. ब्रिटिश नौदलाने 1805 मध्ये आदेश काढून ही पद्धत बंद केली, पण कंपनीची जहाजं नौदलाची नव्हती. तेव्हा वर्षावरून अंदाज बांधायचा नाही. हातातलं पुस्तक कुठल्या पद्धतीचं आहे ते त्याच पुस्तकातून शोधायचं.

पहिला प्रयत्न फसला. ‘नाविक तारीख एक दिवस पुढे असते’ एवढंच धरून सगळ्या ओळी एक दिवस मागे सरकवल्या. त्याने दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतचे तास बरोबर बसले आणि बाकी सगळं चुकलं. नाविक 14 तारखेची सकाळ ही आपलीही 14 तारखेचीच सकाळ असते. माध्यान्हीचा हिशेब दिवसाच्या शेवटी होतो, म्हणून तोही 14 चाच. म्हणजे बॅरोमीटर, थर्मामीटर, अक्षांश, रेखांश यांची तारीख बदलायचीच नाही. फक्त दुपारनंतरच्या बारा तासांच्या ओळी एक दिवस मागे न्यायच्या.

खात्री कशी केली? बंदरात असताना हेच जहाज नागरी दिवस, म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, पाळतं. समुद्रावर निघताना हिशेब बदलावा लागतो, तेव्हा लेखनिक लिहितो की या दिवसाच्या नोंदीत बाराच तास आहेत. बंदरात पोहोचल्यावर उलट: या नोंदीत छत्तीस तास आहेत. दोन्ही वाक्यं या पुस्तकात सापडली. ती नसती तर चंद्रावर अवलंबून राहावं लागलं असतं. शेऱ्यात चंद्रोदयाची वेळ किंवा ग्रहण असेल तर आज गणित करून त्याची तारीख पक्की करता येते.

एक गोष्ट लगेच करून टाकली. जहाजावरची वेळ सूर्यावरची, स्थानिक. ती जागतिक वेळेत आणायला दर 15 अंश रेखांशाला एक तास. 60 अंश पूर्वेवरची दुपार म्हणजे ग्रिनिचची सकाळचे आठ. सूर्यघड्याळ आणि घड्याळ यांतला फरक वर्षभरात जास्तीत जास्त सोळा मिनिटांपर्यंत जातो. दोन तासांनी घेतलेल्या नोंदींना तो मी लावलेला नाही. वेगळ्या रकान्यात लिहून ठेवला आहे.

9 फेब्रुवारी

ठिकाणं नकाशावर मांडली आणि अर्धा प्रवास विस्कटला.

पहिलं कारण सरळ होतं. इंग्लंडहून निघालेलं जहाज व्यापारी वाऱ्यांसाठी अटलांटिकमध्ये पश्चिमेला, ब्राझीलच्या बाजूला खूप आत जातं आणि मग दक्षिणेकडून वळून आफ्रिकेच्या दक्षिणेला केपकडे येतं. वाटेत ते ग्रिनिचची मध्यान्हरेषा ओलांडतं. लेखनिक पश्चिमेचं ‘डब्ल्यू’ पानाच्या माथ्यावर एकदा लिहितो आणि पुढे कित्येक पानं तो गृहीत धरतो. माझ्या फाइलीतही ते पुढे पुढे आपोआप भरलं गेलं. परिणामी केप ऑफ गुड होप, जे साडेअठरा अंश पूर्वेला आहे, ते तेवढंच पश्चिमेला, भर अटलांटिकात जाऊन बसलं. मूळ रकान्यात ‘डब्ल्यू’ नव्हतंच, त्यामुळे दुरुस्ती मिनिटांची.

दुसरं कारण समजायला वेळ लागला. पानावर रेखांश दोन दिले आहेत: एक हिशेबाने, म्हणजे वेग आणि दिशा जोडत जोडत काढलेला, आणि एक क्रोनोमीटरने, म्हणजे ग्रिनिचची वेळ सांभाळणाऱ्या अचूक घड्याळाने. कधीमधी चंद्रावरून काढलेला तिसरा. मी हिशेबाचा आणि क्रोनोमीटरचा फरक काढून त्याचा आलेख केला. बिस्केच्या उपसागरापासून विषुववृत्तापर्यंत हा फरक सतत पाच अंशांच्या आसपास राहतो. हिशेबातली चूक अशी स्थिर राहत नाही, ती वाढत जाते. स्थिर फरकाचा अर्थ दोन्ही आकड्यांची सुरुवातच वेगळी. क्रोनोमीटर ग्रिनिचपासून मोजतो आणि हिशेब लिझर्डपासून, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण टोकाच्या त्या भूशिरापासून, जिथून जहाजाने शेवटचा किनारा पाहिला. लिझर्ड 5 अंश 12 मिनिटं पश्चिमेला आहे. तेवढे मिळवल्यावर दोन रेघा एकमेकींवर आल्या.

केप दिसल्यावर हिशेब पुन्हा शून्यापासून, आता केपपासून. आलेखात तिथे उभी पायरी दिसते. मग केपच्या पूर्वेला फरक खरोखर वाढत जातो. किनाऱ्यालगत नैऋत्येकडे धावणारा अगुल्हास प्रवाह चार नॉटहून जास्तही असू शकतो, आणि दोरी टाकून वेग मोजणाऱ्याला तो कळत नाही, कारण दोरी आणि जहाज दोन्ही त्याच पाण्यावर वाहत असतात. इथे हिशेबाचा रेखांश सोडून क्रोनोमीटरचा घेतला.

दुसऱ्या देशाच्या लॉगबुकावर काम करणाऱ्यांसाठी: सुरुवातीची रेषा पॅरिस (2 अंश 20 मिनिटं पूर्व), कादिझ किंवा तेनेरिफही असू शकते. तेनेरिफचं शिखर साडेसोळा अंशांहून जास्त पश्चिमेला आहे. जहाज सतत एकाच अंतराने जमिनीवर चढत असेल तर आधी हीच शंका घ्या.

रोजच्या चाळणीसाठी दोन माध्यान्हींमधलं अंतर काढते. 250 सागरी मैलांच्या वर गेलं की पान पुन्हा उघडते. मालाने भरलेलं कंपनीचं जहाज एका दिवसात एवढं क्वचितच जातं.

21 फेब्रुवारी

वाऱ्याची दिशा. बत्तीस दिशांचं होकायंत्र, प्रत्येक दिशा सव्वाअकरा अंशांची. अंशांत बदलणं सोपं. खरा प्रश्न असा की ही दिशा खऱ्या उत्तरेपासूनची की सुईच्या उत्तरेपासूनची?

या प्रवासात तो फरक क्षुल्लक नाही. त्या काळी केपच्या आसपास सुई खऱ्या उत्तरेच्या 25 अंशांहून जास्त पश्चिमेला झुकलेली होती. होकायंत्रावरचा नैऋत्य वारा, म्हणजे 225 अंश, खरा पाहिला तर 200 अंशांच्या आत. दोन दिशांहून जास्त फरक. मोसमी वारा किती दक्षिणेकडून येतो हे तपासायचं असेल तर एवढ्या चुकीने सगळा निष्कर्ष पालटतो. उलट वारा आधीच दुरुस्त करून लिहिलेला असेल आणि मी पुन्हा दुरुस्त केला, तर तेवढीच चूक दुसऱ्या बाजूला.

लॉगबुकात कुठेही सांगितलेलं नाही. बरेच दिवस हे काम अडून राहिलं. मग सहकारीने विचारलं, “अगं, शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर किती जवळ जाऊ शकतं?” तिथे वाट मिळाली. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्यापासून सहा दिशांच्या, म्हणजे साडेसदुसष्ट अंशांच्या आत जाऊ शकत नाही. जहाजाची दिशा नक्कीच होकायंत्रावरची आहे, कारण सुकाणूवरचा माणूस तीच पाहून चालवतो. मग वाऱ्याला घासून चालल्याचे सगळे तास वेगळे काढले आणि जहाजाची दिशा आणि वारा यांतला कोन मोजला. वारा होकायंत्रावरचा असेल तर कोन सहा दिशांवर थांबायला हवा, दोन्ही बाजूंना. वारा खरा असेल आणि दिशा होकायंत्राची, तर दिक्पात मोठा आहे त्या पाण्यात एका बाजूने कोन चार दिशांवर येईल, जे अशक्य, आणि दुसऱ्या बाजूने आठावर जाईल.

कोन सहावर थांबले, उजव्या बाजूने वारा घेताना आणि डाव्या बाजूनेही. म्हणजे या पुस्तकात वारा होकायंत्रावरचाच आहे. या कामातला हा शोध मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लिहिणाऱ्याला कल्पनाही नव्हती की कोणी असं विचारेल, तरी त्याच्या रोजच्या प्रामाणिक नोंदींत उत्तर होतं.

दिक्पात कुठून घ्यायचा? लॉगबुकात उगवत्या-मावळत्या सूर्यावरून काढलेले आकडे अधूनमधून आहेत, पण ढगाळ आठवड्यांत काहीच नाही. मधल्या दिवसांसाठी जॅक्सन, जाँकर्स आणि वॉकर यांचं 2000 साली प्रसिद्ध झालेलं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं प्रतिरूप वापरलं. ते 1590 ते 1990 चा काळ व्यापतं, आणि जुन्या शतकांसाठी ते मुख्यतः जहाजांच्या लॉगबुकांतल्या अशाच दिक्पाताच्या नोंदींवर उभं आहे. लॉगबुकातले आकडे आणि प्रतिरूपाचे आकडे बहुतेक ठिकाणी एखाद्या अंशाच्या फरकाने जुळले. उत्तरेला अरबी समुद्रात चढताना दिक्पात कमी कमी होत जातो तेही दोन्हींत दिसतं.

4 मार्च

वाऱ्याचा जोर. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस बोफर्टने वाऱ्याच्या जोराची आपली श्रेणी स्वतःच्या रोजनिशीत 1806 मध्ये लिहिली, पण नौदलात ती अधिकृत झाली 1838 मध्ये. या पुस्तकात म्हणून शब्दच आहेत: लाइट एअर्स, मॉडरेट ब्रीझ, फ्रेश ब्रीझ, फ्रेश गेल, हार्ड गेल. आणि त्यांची मिश्रणं: दिवसाचा पूर्वार्ध असा, मधला भाग तसा.

हे शब्द आजच्या अर्थाने वाचायचे नाहीत. मॉडरेट गेल म्हणजे श्रेणीत 7, फ्रेश गेल म्हणजे 8, आणि नुसतं ‘गेल’ आलं तर त्याला एक आकडा देताच येत नाही. 2000 ते 2003 या काळात युरोपात क्लिवॉक नावाचा प्रकल्प झाला. इंग्रजी, डच, फ्रेंच आणि स्पॅनिश लॉगबुकांमधल्या 1750 ते 1850 च्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या आणि चारही भाषांतल्या वाऱ्याच्या शब्दांचा बोफर्टच्या आकड्यांशी मेळ घालणारा कोश तयार केला. मी तोच वापरते आहे. त्यात न सापडलेले शब्द रिकामे ठेवते.

जहाजाच्या वेगावरून वाऱ्याचा जोर ताडण्याचा प्रयत्न केला, तो सोडून द्यावा लागला. शब्द तोच, ‘फ्रेश ब्रीझ’, पण सूर्यास्तानंतर के रकाना घसरतो आणि पहाटे पुन्हा चढतो, रोज. वारा रोज रात्री पडत नव्हता. कंपनीच्या जहाजांवर रात्री शिडं कमी करायची रीत होती, माल आणि प्रवासी सांभाळायचे म्हणून. शेऱ्यात तसं स्पष्ट आहे: संध्याकाळी वरची शिडं गुंडाळली.

शिडांचा उपयोग मात्र दुसरीकडून झाला. बोफर्टच्या श्रेणीत 5 ते 9 हे आकडे युद्धनौकेला वाऱ्याला घासून जाताना किती शिडं झेपतात यावर बेतलेले आहेत: 7 ला टॉपसेलला (डोलकाठीवरच्या खालून दुसऱ्या शिडाला) दोन पट्ट्या आवळलेल्या, 8 ला तीन. दिवसाउजेडी जोर वाढल्याचा शब्द आणि टॉपसेल आवळल्याचा शेरा एकत्र आला की आकड्यावर विश्वास वाढतो. असे तास वेगळ्या खुणेने दाखवले आहेत.

15 मार्च

बॅरोमीटर. या प्रवासातला सगळ्यात किमती रकाना हाच. ट्वेंटिएथ सेंचुरी रीअ‍ॅनालिसिस या प्रकल्पाने मागच्या दोनेक शतकांचं हवामान पुन्हा मांडलं आहे. त्याची तिसरी आवृत्ती 1836 पासून सुरू होते, आणि प्रायोगिक भाग 1806 पर्यंत मागे जातो. त्यात निरीक्षणं म्हणून फक्त पृष्ठभागावरचा दाब घेतला जातो. हिंदी महासागराच्या मध्यावर त्या काळी दाब मोजणारं दुसरं कोण होतं? जहाजंच.

नुसतं इंचांचं हेक्टोपास्कल, म्हणजे दाबाचं आजचं एकक, करून चालत नाही. उदाहरण म्हणून 10 अंश अक्षांशावर 29.90 इंच, बॅरोमीटरजवळचं तापमान 80 फॅरनहाइट असं धरू. इंचाला 33.864 ने गुणलं की 1012.5 येतो. पण गरम पारा फुगलेला असतो, तेवढा स्तंभ खोटा उंच: साधारण साडेचार वजा. विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी, त्यामुळे तोच दाब तोलायला पारा जास्त चढतो: आणखी अडीच वजा. उरतो 1005.5 च्या आसपास. वादळ नसताना उष्ण कटिबंधात दाब रोज जेवढा हलतो त्याच्या दुपटीहून ही दुरुस्ती मोठी आहे. माझी पहिली फाइल दुरुस्तीविना होती आणि तिच्यात उष्ण कटिबंधातला दाब सगळीकडे जास्त दिसत होता. तेव्हाच्या आलेखांवर केलेली सगळी टिपणं टाकून दिली.

दैनंदिन हेलकाव्याचीही दखल घ्यावी लागते. उष्ण कटिबंधात दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला आणि पहाटे चारला उतरतो. जेम्स हॉर्सबर्गने 1802 ते 1804 मध्ये समुद्रावर बॅरोमीटर सतत पाहून हे नोंदवलं आणि 1805 मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाच हॉर्सबर्ग 1810 पासून कंपनीचा जलालेखक, म्हणजे समुद्राचे नकाशे सांभाळणारा होता. आमच्या लॉगबुकात आकडा फक्त माध्यान्हीचा, म्हणून हेलकाव्याचा परिणाम रोज सारखाच आणि वगळता येण्याजोगा. एका आठवड्यात मात्र कोणीतरी सकाळी आठलाही वाचन घेतलं आहे. त्या ओळी माध्यान्हीच्या सरासरीत मिसळल्या नाहीत.

उपकरणाची स्वतःची चूक उरतेच. मुंबईत पोहोचल्यावर तुलना करायला काही नाही: कुलाब्याची वेधशाळा 1826 ची, या प्रवासानंतरची. म्हणून अटलांटिकच्या आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातल्या दिवसांची सरासरी घेतली, कारण तिथे दाब फार हलत नाही. ती आजच्या त्याच महिन्याच्या, त्याच जागेच्या सरासरीशी ताडली आणि तो फरक उपकरणाची चूक म्हणून वेगळ्या रकान्यात लिहिला. मुख्य आकड्यात तो मिळवलेला नाही. कोणी पुढे यापेक्षा चांगली पद्धत शोधली तर माझा आकडा काढून टाकणं सोपं जावं.

18 मार्च

थर्मामीटर कुठे टांगलेला होता, डेकवर की केबिनमध्ये, ते पुस्तकात नाही. दिवसेंदिवस आकडा दोन अंशही हलत नाही यावरून तो आत असावा असं वाटतं. हवेचं तापमान म्हणून हा रकाना मी पुढे देणार नाही. पारा गरम किती, एवढ्यापुरता तो वापरला.

24 मार्च

किनारा. मुंबईच्या जवळ येताना पानं दाट होतात. मोसमी पाऊस, धूसर क्षितिज, दर तासाला शिसं टाकून खोली मोजलेली, आणि तळाला मऊ चिखल लागल्याचे शेरे. एका पानावर पाण्यात साप दिसल्याची नोंद आहे. तो गमतीचा शेरा समजून वगळू नये. पावसाळ्यात या किनाऱ्याकडे येणारे दर्यावर्दी समुद्रसाप दिसले की उथळ पाणी आलं असं मानायचे. सूर्य दिवसेंदिवस दिसत नसताना ठिकाणाचा तो एक पुरावा होता, आणि मीही तो तसाच धरला.

मग सकाळी ढग जरा उचलले आणि ‘केनेरी’ पूर्व-ईशान्येला चार लीगवर (एक लीग तीन सागरी मैलांची) दिसलं. इंग्रज नाविकांच्या कागदांत हेनरी आणि केनेरी जोडीने येतात: उंदेरी आणि खांदेरी. खांदेरी 18 अंश 42 मिनिटं उत्तर, 72 अंश 49 मिनिटं पूर्व. तिथून बारा सागरी मैल मागे गेलं की जहाज 72 अंश 37 मिनिटांवर येतं. त्याच दिवसाचा क्रोनोमीटरचा रेखांश 73 अंश 20 मिनिटं आहे, म्हणजे जहाज समुद्र आणि सगळा खालचा कोकण ओलांडून खोपोलीच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी!

पाऊण अंशाला जरा कमी, वेळेत सुमारे 170 सेकंद. क्रोनोमीटर रोज थोडा थोडा मागे-पुढे जातो आणि ती चूक साठत राहते. शेवटचा पक्का किनारा केपचा होता. तिथे चूक शून्य आणि खांदेरीला 43 मिनिटं धरून मधल्या सगळ्या दिवसांवर ती प्रमाणात वाटली. मोझांबिकच्या सामुद्रधुनीतले बिंदू त्याने पश्चिमेला सरकले, आणि मादागास्करच्या किनाऱ्याला टेकलेले दोन बिंदू पाण्यात आले. केपच्या आधीच्या रेखांशांना हात लावला नाही.

खांदेरीची दिशाही होकायंत्रावरचीच आहे. इथे दिक्पात लहान, म्हणून उत्तर बदलत नाही. हीच पद्धत केपच्या भूशिरांसाठी वापरणाऱ्यांनी मात्र आधी दिक्पात वजा करावा.

2 एप्रिल

फाइल बंद केली. प्रत्येक नोंदीला तीन थर आहेत: पानावरचा मजकूर, आमचा अर्थ, आणि दुरुस्त केलेला आकडा. प्रत्येक दुरुस्तीचं प्रमाण वेगळ्या रकान्यात, छायाचित्राचा क्रमांक प्रत्येक ओळीत. शंकेच्या ओळींना खूण आहे, एकही ओळ पुसलेली नाही. शिवणीत गेलेली बॅरोमीटरची पानं मित्राने पुन्हा काढून पाठवली. त्यांतली काही अजूनही वाचता येत नाहीत, ती रिकामी ठेवली आहेत. मागच्या-पुढच्या दिवसांवरून आकडा भरला नाही.

पुढचं पुस्तक 1740 च्या दशकातलं घेतलं आहे. त्यात बॅरोमीटर नाही, तारखेचं काम मात्र वाढणार. इंग्लंडने नवं कॅलेंडर 1752 च्या सप्टेंबरात घेतलं, तेव्हा 2 तारखेनंतर थेट 14 आली. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक तारखेत अकरा दिवस मिळवायचे. वर्षही 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या पानांवर आदल्या वर्षाचा आकडा असतो. तक्त्यात ‘पानावरची तारीख’ आणि ‘आजची तारीख’ असे दोन रकाने आधीच केले आहेत. पहिलं पान आज संध्याकाळी टंकायला घेते.